दाराआडचा आवाज

मोटारीच्या दाराला कान लावून बसलेला ७७ वर्षांचा गृहस्थ तुम्ही कधी पाहिला आहे काय? गेल्या उन्हाळ्यात शिकागोजवळच्या एका उपनगरात, माझ्या पुतण्याच्या गॅरेजमध्ये, मी तसा बसलो होतो. शेजारची गोरी बाई कुत्रा फिरवायला निघाली होती. ती क्षणभर थबकली, हसली आणि पुढे गेली. तिच्या हसण्यात कीव होती की कौतुक, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

ही मोटार माझ्या थोरल्या भावाची. जपानी बनावटीची, दोनच माणसांची, छप्पर मागे टाकता येणारी माझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटारप्रदर्शनात ती जगापुढे प्रथम आली, तेव्हा दादा ती पाहायला गेला होता. १.६ लिटरचे इंजिन, ११६ घोड्यांची ताकद आणि वजन जेमतेम टनभर. पुढल्याच वर्षी त्याने ती घेतली. "हिच्यात भाजीच्या दोन पिशव्या मावत नाहीत," ही वहिनींची तक्रार. "भाजीसाठी घेतलीच नाही," हे दादाचे उत्तर. तीन वर्षांपूर्वी दादा गेला. मोटार राहिली.

तिच्या कप्प्यात एक कॅसेट होती. १९८४ साली आमच्या आईने मिरजेहून ती भरून पाठवली होती. त्या काळी परदेशी फोन म्हणजे घड्याळाकडे पाहत बोलण्याचे काम. म्हणून कितीतरी घरांतून पत्राऐवजी कॅसेटच धाडीत. दादा कामावर जाताना ती ऐकत असे. पुतण्याला ती ऐकायची होती. आजी त्याने दोनदाच पाहिलेली. पण कॅसेट लावली की दारातल्या स्पीकरांतून आईचा आवाज न येता डब्यात कोंडलेल्या भुंग्याची गुणगुण येई. स्पीकर दादानेच कधीतरी बदललेले. त्यांच्या कडेचा फोम इतका कुजला होता की बोट लावताच त्याचा भुगा झाला.

"काका, नवे स्पीकर मागवतो. एका तासाचं काम आहे," पुतण्या म्हणाला.

चाळीस वर्षे मिरजेत रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवलेल्या माणसासमोर असे बोलू नये. मी म्हटले, "मागव. पण दार मी उघडीन." टपालाने खोके यायला चार दिवस लागणार होते. ते चार दिवस मी गावच्या ग्रंथालयात काढले. मोटारीत आवाज आला कसा आणि तो शेवटी दाराआड जाऊन का बसला, याचा मी शोध घेतला. आज त्याचीच हकीकत सांगायची आहे.

प्रथम स्पीकरची जन्मकथा. कण्यातून आवाज मोठा करण्याची युक्ती पीटर जेन्सन या डॅनिश माणसाने कॅलिफोर्नियात १९१५ च्या सुमारास साधली. १९१९ साली अध्यक्ष विल्सन यांनी सान दिएगोत हजारोंच्या सभेपुढे त्याच्या कर्ण्यांतून भाषण केले. परंतु आज आपल्या घरीदारी जो स्पीकर असतो, त्याचे शास्त्र पक्के केले ते जनरल इलेक्ट्रिकमधील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी, १९२५ साली. त्याची रचना इतकी साधी आहे की लहान मुलालाही समजावी. कागदाचा एक द्रोण घ्या. त्याच्या बुडाला तारेचे बारीक वेटोळे चिकटवा आणि ते लोहचुंबकाच्या फटीत अधांतरी ठेवा. तारेतून विजेच्या लहरी गेल्या की वेटोळे पुढेमागे हलते, त्याबरोबर द्रोण हलतो, द्रोणाबरोबर हवा हलते आणि आपल्या कानी गाणे पडते. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला, इंजिने बदलली, रेडिओतले व्हॉल्व्ह गेले. हा द्रोण मात्र तसाच आहे.

आता तो मोटारीत कसा शिरला ते पाहू. गॅल्विन बंधूंनी १९२८ साली शिकागोच्या हॅरिसन रस्त्यावर एक लहानसा कारखाना काढला. पुढच्याच वर्षी मंदीचा तडाखा बसला आणि धंदा बुडायची वेळ आली. पॉल गॅल्विन याने ठरवले की मोटारीत बसणारा रेडिओ करायचा. बिल लियर आणि एल्मर वेव्हरिंग हे दोन तरुण मदतीला होते. १९३० च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ कारखानदारांचा मेळावा होता. तिथे मांडव घ्यायला पैसे नाहीत, तेव्हा गॅल्विनने आपली स्टुडबेकर मोटार दारातच उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावला. लोक जमले, मागण्या आल्या. मोटार आणि आवाज यांची सांगड घालून त्याने त्याचे नाव ठेवले 'मोटोरोला'. कर्जासाठी गॅल्विनने एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात गाडीने पेट घेतला, अशीही एक गोष्ट सांगतात. कर्ज अर्थातच मिळाले नाही.

पण मला त्या हकिकतीतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. या मंडळींचा खरा झगडा रेडिओशी नव्हताच. रेडिओ घरोघर वाजत होता. झगडा होता तो मोटारीच्या कोलाहलाशी. इंजिनातली प्रत्येक ठिणगी रेडिओत 'खर्र' करून उठे. म्हणून ठिणगीच्या प्लगांना रोधक लावावे लागले, तारांना वेष्टण घालावे लागले. एरियल म्हणून छताच्या अस्तरात तारेचे जाळे टाकावे लागे, पायाखालची फळी उचकटून तिथे जादा बॅटऱ्या ठेवाव्या लागत. एक रेडिओ बसवायला दिवसच्या दिवस जात. जर्मनीत १९३२ साली ब्लाउपुंक्टचा मोटाररेडिओ निघाला. त्याची किंमत ४६५ मार्क, म्हणजे लहान मोटारीच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा! आवाज विकत मिळत होता; शांतता मात्र ज्याची त्याला मिळवावी लागत होती.

त्या काळी स्पीकर एकच असे आणि तो समोरच्या फळीत बसे. १९५६ च्या सुमारास क्रायस्लर कंपनीने व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरांचा रेडिओ दिला. त्याच वर्षी मोटारीत फिरती तबकडीही बसवली. ती मिनिटाला १६⅔ फेरे घेई. रस्त्यावर सुई किती काळ टिकणार? तो प्रयोग लवकरच मावळला. मग १९६५ च्या अखेरीस फोर्डने आपल्या १९६६ च्या गाड्यांत आठ पट्ट्यांची टेप दिली. ती घडवणारा कोण, तर गॅल्विनचा तोच जुना सोबती बिल लियर. तोवर त्याने विमानेही बांधली होती.

या टेपेबरोबर आला स्टिरिओ, म्हणजे डावा आवाज वेगळा आणि उजवा वेगळा. आता दोन स्पीकर दोन बाजूंना हवेत. समोरच्या फळीत काटे, नळ्या आणि हवेची भोके यांची आधीच दाटी. मग मोटारीत मोठी, सपाट, आतून पोकळ अशी जागा उरली कुठे? दारात. म्हणून स्पीकर दारात गेला. तिथे आवाज चांगला येतो म्हणून नव्हे, तर दुसरीकडे जागा नव्हती म्हणून!

आणि दार ही स्पीकरला राहायला किती वाईट जागा! बाहेर पातळ पत्रा, तो थरथरतो. खिडकीच्या फटीतून पाऊस आत येतो आणि खालच्या भोकांतून निघून जातो; म्हणजे दार म्हणजे मूर्तिमंत पागोळी. वरून काच खाली उतरते, तिच्यासाठी जागा सोडावी लागते. म्हणून स्पीकरला खोली मिळते ती दोनअडीच इंच. शिवाय चालकाच्या कानाला त्याच्याकडचा स्पीकर हातभर अंतरावर आणि पलीकडचा दूर.

सर्वांत मोठी खोड निराळीच. द्रोण पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. ही पुढची आणि मागची लाट एकमेकींना भेटली की खर्जाचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून दोघींमध्ये भिंत हवी. मोटारीच्या दाराची आतली बाजू मात्र भोकांनी चाळण झालेली असते.

हे वाचताना मला आमची मिरज आठवली. तिथल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत तंबोरे घडतात. तार कोणीही विकत आणील; कारागीर जीव टाकतो तो भोपळ्यावर. भोपळा तडकलेला असेल तर तार सोन्याची लावा, तंबोरा बोलणार नाही. स्पीकर ही तार आहे, दार हा भोपळा! दार तसेच ठेवून स्पीकर बदलणे म्हणजे फुटक्या भोपळ्याला नवी तार चढवणे.

ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर ओळखली ती एका भारतीय वंशाच्या माणसाने. अमर बोस हे स्वातंत्र्यासाठी झगडून कलकत्त्याहून अमेरिकेत आलेल्या बंगाली पित्याचे चिरंजीव, एमआयटीत प्राध्यापक. जनरल मोटर्सबरोबर त्यांनी १९८३ च्या काही गाड्यांत जी योजना दिली, तिच्यात गाडी आधी आणि स्पीकर नंतर, असा क्रम होता. गाडीची पोकळी मोजून प्रत्येक स्पीकरला स्वतःची पेटी आणि स्वतःचा ॲम्प्लिफायर दिला होता.

लोहचुंबकाचीही हकीकत सांगण्याजोगी आहे. माझ्या दुकानात येणाऱ्या जुन्या रेडिओंत विजेवर चालणारे वजनदार चुंबक असत. मग कोबाल्ट घातलेल्या पोलादाचे आले. १९७८ साली आफ्रिकेतल्या झाईरच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि स्पीकरवाल्यांनी स्वस्त पण बोजड अशा फेराइट चुंबकाकडे मोर्चा वळवला. १९८३ साली जपानात आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी निओडिमियमच्या चुंबकाची घोषणा झाली. मूठभर वस्तू, पण ओढ राक्षसाची. कुठल्याशा खाणीतली लढाई आणि आपल्या दारातली दोनअडीच इंच जागा यांचा असा संबंध असतो!

चौथ्या दिवशी खोके आले. साडेसहा इंची स्पीकर, ४ ओहमचे, मधोमध बारीक स्वरांसाठी छोटी वाटी. पुतण्याला खोक्यावरच्या मोठ्या वॅटांचे कौतुक. मी त्याला सांगितले, "वॅट म्हणजे स्पीकर किती सोसतो ते; किती बोलतो ते नव्हे. तो आकडा डेसिबलमध्ये असतो. एका वॅटला ८८ डेसिबल देणाऱ्यापेक्षा ९१ देणारा घे. ३ डेसिबल म्हणजे ॲम्प्लिफायर दुप्पट केल्यासारखे." सुदैवाने त्याने चुकून चांगलाच आणला होता.

मग पेच काढले, दाराचे आवरण सोडवले. पत्र्याच्या आतून ॲल्युमिनियम लावलेले चिकट ब्युटिलचे तुकडे रोळीने दाबून बसवले. पत्र्यावर टिचकी मारली तर पूर्वी 'टण्ण' होई, आता 'ठप्प' झाले. आतली मोठी भोके बुजवली. तळाची भोके मात्र हात न लावता ठेवली, कारण पाण्याची वाट अडवली तर दार गंजते. स्पीकर कडे घालून घट्ट बसवला आणि पेच आवळण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन पाहिली. एका तासाच्या कामाला दोन दिवस लागले.

आणि लावून पाहतो तो काय, खर्ज गायब! आवाज पोकळ, आडात ओरडल्यासारखा. पुतण्या माझ्याकडे पाहू लागला. मी टेबलावरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला आणि दोन तारांनी एकेका स्पीकरला टेकवला. डावा द्रोण बाहेर आला, उजवा आत गेला. म्हणजे एकाच्या तारा उलट्या! दोघे एकमेकांविरुद्ध श्वास घेत होते. उजव्या दाराच्या तारा मीच जोडल्या होत्या. चष्म्याला दोष देऊन मी त्या बदलल्या.

मग पुतण्याने गाडी काढायची तयारी केली. मी म्हटले, "नको. छप्पर लाव, इंजिन बंद कर, गॅरेजचे दार ओढ." स्पोर्ट्स मोटार ती, वाऱ्याशी शर्यत लावायला जन्मलेली, आणि आम्ही तिला अंधारात उभी करून आत गुडघ्याला गुडघा लावून बसलो. वहिनी दाराशी खुर्ची घेऊन बसल्या. मी कान दाराला लावला. शेजारच्या बाईने पाहिले ते याच्या आधीचे, तालमीचे दृश्य.

कॅसेट फिरली. आधी नुसता स्टोव्हचा फर्रर्र आवाज. "हे काय?" पुतण्याने विचारले. वहिनींनी ओळखले. दादाने ती कॅसेट वर्षानुवर्षे ऐकली, पण मोटारीच्या घरघरीत हा स्टोव्ह त्याच्याही कानी कधी पडला असेल असे मला वाटत नाही. मग बांगड्या वाजल्या. मग चाळीस वर्षांपलीकडून, अगदी हाताच्या अंतरावरून, आई म्हणाली, "आवाज येतो का रे?"

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने, आपल्या अमेरिकन मराठीत, पुतण्याने उत्तर दिले, "येतो, आजी."