शिदोरी, बैलगाडी आणि रविवार
(कोल्हापूर परिसरातील एकदिवसीय सहलीचा इतिहास)

राजघराणी, लढाया आणि देवालये यांचा इतिहास लिहिला जातो. संस्थानांच्या दप्तरांत सारा, बाजार आणि जत्रा यांच्या नोंदी सापडतात. परंतु एखाद्या कुटुंबाने एक दिवस काम बाजूला ठेवले, शेजारच्या दोन घरांना बरोबर घेतले, झाडाखाली बसून शिदोरी सोडली आणि दिवेलागणीला सर्वजण घरी परतले, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. सामान्य माणसाच्या आनंदाचा हा इतिहास बहुतांशी आठवणींवरच उभा आहे. कोल्हापूर, हातकणंगले, शिरोळ आणि मिरज या पट्ट्यापुरता त्याचा मागोवा घेतला, तरी शंभर-सव्वाशे वर्षांतील समाजजीवन किती पालटले, हे ध्यानात येते.

बैलगाडीचा काळ

केवळ हिंडण्यासाठी घराबाहेर पडावे, ही कल्पना जुन्या ग्रामीण जीवनात फारशी रुजलेली नव्हती. बाहेर पडण्यास निमित्त लागे. यात्रा, जत्रा, लग्नकार्य, शेतावरचे वनभोजन किंवा गुऱ्हाळ ही ती निमित्ते होत. घरातील स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे होते. माहेरी जाणे सोडले, तर उंबरठा ओलांडून दिवसभर मोकळेपणाने वावरण्याची संधी त्यांना अशा निमित्तांनीच मिळत असे.

अंतराची मर्यादा बैलांच्या चालीने ठरे. भरलेली गाडी तासाला साधारण एक कोस जाई. जाणे, विसावा, जेवण आणि येणे हे सारे एका दिवसात बसवायचे, म्हणजे तीन-चार कोसांपलीकडचे ठिकाण निवडता येत नसे. जैन कुटुंबांना आणखी एक मर्यादा होती. रात्रिभोजनत्यागाच्या नियमामुळे दिवसाचे शेवटचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकावे लागे. त्यामुळे पहाटे गाडी जुंपायची आणि ऊन कलताच दुसऱ्यांदा शिदोरी सोडायची, असा परिपाठ असे. परतीची वाट मग कंदिलाच्या उजेडात संपली, तरी चिंता नसे.

शिदोरीही नियमांना धरून असे. दुधात मळलेल्या दशम्या, ज्वारीच्या भाकऱ्या, कांदा-लसणाशिवाय केलेला झुणका, शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ हे पदार्थ प्रवासात टिकत. पाणी गाळण्याचे फडके बरोबर असेच. मुक्कामाच्या विहिरीचे पाणी शेंदून गाळायचे आणि फडक्यातील जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायची, ही रीत सहलीच्या दिवशीही मोडली जात नसे. लहान मुलांना अहिंसेचा पहिला धडा कित्येकदा अशा परक्या विहिरीच्या काठावरच मिळाला.

थंडीच्या दिवसांतील गुऱ्हाळाची सहल हे या भागाचे खास वैशिष्ट्य होय. चरकात ऊस पिळला जाई. काहिलीत रस चढला की चुलवणात चिपाडे सारून जाळ धरला जाई. भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी घालून वर आलेली मळी काढली जाई. पाक किती शिजला हे गुळव्या नजरेने आणि बोटांनी ओळखत असे. आधण उतरण्यापूर्वी पाहुण्यांसाठी काकवी काढून ठेवली जाई. मुले रस पीत, मोठी माणसे बांधावर बसून गप्पा मारीत आणि निघताना प्रत्येक घराला ताज्या गुळाचा वानोळा मिळे. पुढे साखर कारखान्यांकडे ऊस वळला आणि गुऱ्हाळे कमी झाली. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु गुऱ्हाळावर घालवलेल्या त्या दिवसाची सर नुसत्या ढेपेला येत नाही.

आगगाडी आणि रविवारची सुटी

या मर्यादेला पहिला छेद दिला तो आगगाडीने. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज हा सुमारे ४७ किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला. बैलगाडीला ज्या अंतरासाठी अख्खा दिवस आणि वर रात्र लागे, ते आता काही तासांत कापले जाऊ लागले. रुकडीजवळ पंचगंगेचा पूल येताच मुलांची खिडकीशी गर्दी उसळे. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर याच मार्गावर भरभराटीस आले.

वाहन मिळाले, तरी मोकळा दिवस हवाच. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी दिलेल्या लढ्यामुळे १० जून १८९० पासून रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. अवघ्या एका वर्षाच्या अंतराने मुंबईत रविवार मोकळा झाला आणि कोल्हापुरात आगगाडी आली. शेतकऱ्याला रविवार नव्हताच. परंतु शाळा, कचेऱ्या आणि पेढ्या यांच्याभोवती वाढलेल्या शहरी कुटुंबांत हळूहळू ‘सुटीचा दिवस’ ही कल्पना रुजली. सहलीला यात्रेचे निमित्त लागेनासे झाले.

हातकणंगले स्थानकावर उतरून पुढे बाहुबलीच्या डोंगराकडे जाणे, हा या आगगाडीने सुलभ केलेला प्रवास होय. कुंभोजजवळच्या या डोंगरावर दिगंबर आणि श्वेतांबर अशा दोन्ही परंपरांची मंदिरे आहेत. पायथ्याशी समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने गुरुकुल उभे राहिले आणि १९६३ मध्ये भगवान बाहुबलींची २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती प्रतिष्ठित झाली. पायऱ्या चढून दर्शन घेणे हा भक्तीचा भाग खराच; पण उतरल्यावर सावलीत बसून घरोघरच्या डब्यांची अदलाबदल करणे, हेही त्या दिवसाचे अविभाज्य अंग होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मगाव कुंभोज जवळच असल्याने अनेक पालक मुलांना तेथेही आवर्जून घेऊन जात.

एस. टी.चे युग

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कालांतराने लाल गाडी या भागातील गावोगावी पोहोचली. लोहमार्ग एका रेषेत जात होता, एस. टी. मात्र डोंगरावर चढली आणि नदीकाठी उतरली.

कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवरील पन्हाळा हे याचे उत्तम उदाहरण आहे. बैलगाडीने तेथे जाऊन त्याच दिवशी परतणे कठीण होते. एस. टी.मुळे सकाळी निघून तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना आणि सज्जाकोठी पाहून सायंकाळी घरी येणे शक्य झाले. शिलाहार भोजराजाचा हा गड, १६६० च्या सिद्दी जौहरच्या वेढ्याचा हा साक्षीदार, शाळेतील मुलांना पुस्तकाबाहेर भेटला तो बहुधा अशाच एका सहलीत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत समाविष्ट केलेल्या मराठा काळातील बारा दुर्गांमध्ये पन्हाळ्याचाही अंतर्भाव आहे.

कृष्णाकाठचे खिद्रापूरही असेच जवळ आले. कोपेश्वर मंदिराचा वरून उघडा असलेला वर्तुळाकार स्वर्गमंडप पाहायचा आणि त्याच गावातील प्राचीन आदिनाथ मंदिराचे दर्शन घ्यायचे, असा दुहेरी लाभ होई. येता-जाता नृसिंहवाडीच्या संगमावर थांबून कवठाची बर्फी घेतली जाई. आणि जेथे वाहनाची गरजच नव्हती, असे ठिकाण म्हणजे रंकाळा. संध्यामठाकडे पाहत काठाने फिरणे ही कोल्हापूरकरांची विनाखर्चाची सहल पिढ्यानपिढ्या चालत आली आहे.

जवळ आलेली ठिकाणे, आखूड झालेला दिवस

गेल्या काही दशकांत घरोघरी स्वतःची वाहने आली. बाहुबली, पन्हाळा आणि खिद्रापूर ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात ‘करून’ येता येतात. वृद्धांना आणि आजारी माणसांना ही मोठीच सोय झाली, हे नाकारता येणार नाही. मात्र बैलगाडीत जो वेळ प्रवासात जाई, तो वाया जात नसे. सुनेला सासूशी, भाचीला मामीशी आणि शेजाऱ्याला शेजाऱ्याशी निवांत बोलण्याचा तोच वेळ असे. कित्येक सोयरिकींचा पहिला शब्द अशा गाड्यांतच निघाला आणि कित्येक अबोले शिदोरीच्या पंगतीत मिटले. अंतर कमी झाले तसा हा वेळही कमी झाला. एकेका गाडीत एकेक कुटुंब बसू लागल्याने शेजारची दोन घरे बरोबर नेण्याची रीतही मागे पडली.

बैलगाडीचा काळ परत येणार नाही आणि तो यावा, असा आग्रहही कोणी धरणार नाही. त्या काळातील आठवणी सांगणारी माणसे मात्र आता थोडीच उरली आहेत. गुऱ्हाळावरची काकवी, रुकडीचा पूल आणि बाहुबलीच्या पायथ्याची पंगत ज्यांनी अनुभवली, त्या आजीआजोबांजवळ बसून प्रत्येक घराने ते ऐकावे. जुन्या छायाचित्रांच्या मागे गावाचे नाव, साल आणि त्यातील माणसांची नावे लिहून ठेवावीत. दप्तरांनी जे टिपले नाही, ते घरांनीच टिपले पाहिजे. ते ऐकण्यासाठी एखादा रविवार राखून ठेवावा, दशम्यांचा डबा बांधावा आणि आजीलाच बरोबर घेऊन निघावे. वाटेत ती बोलू लागेल, तेव्हा गाडी थोडी सावकाश चालवावी.