‘बॉम्बे’ : नावाचा अर्थ आणि वापर

पश्चिम किनाऱ्यावरील बंदराच्या शहराचे ‘बॉम्बे’ हे इंग्रजी नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे ‘मुंबई’ झाले. मराठीपुरते पाहता त्या वर्षी काहीच बदलले नाही. मराठी आणि गुजराती भाषक या शहराला पूर्वापार मुंबईच म्हणत आले होते. ‘बंबई’ हिंदीतले, ‘बॉम्बे’ इंग्रजीतले. बदल झाला तो इंग्रजी लेखनात, त्यामुळे ‘शहराचे नाव बदलले’ हे विधान मराठीत अर्धेच खरे ठरते.

मुंबई हे नाव कोळी समाजाची देवता मुंबा आणि ‘आई’ या शब्दांवरून आले, हे मत सर्वाधिक मान्य आहे. ‘बॉम्बे’ची व्युत्पत्ती पोर्तुगीज ‘बों बाइया’, म्हणजे चांगला उपसागर, अशी अनेक पुस्तकांत दिलेली आढळते. तिला व्याकरणाचीच अडचण आहे. ‘बाइया’ हा शब्द पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी असल्याने विशेषण ‘बोआ’ असे हवे होते. शिवाय गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या, १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात हे नाव ‘मोंबाईम’ असे ‘म’नेच सुरू होते. ओर्ताला हे बेट पोर्तुगालच्या राजाकडून कायम भाडेपट्ट्याने मिळाले होते, त्यामुळे त्याचा उल्लेख ऐकीव मानता येत नाही. त्याच शतकातील इतर लिखाणात ‘बोंबाईम’ही दिसते. स्थानिक उच्चारातील ‘म’चा परक्यांच्या तोंडी ‘ब’ झाला आणि चांगल्या उपसागराची कथा नंतर जोडली गेली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाच्या १६६१ च्या करारातून हे बेट इंग्रजांकडे गेले. १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला मिळाले आणि इंग्रजी दप्तरात ‘बॉम्बे’ स्थिरावले.

वापरातील खरा गोंधळ वेगळा आहे. ब्रिटिश काळात, आणि स्वातंत्र्यानंतरही १ मे १९६० पर्यंत, हे केवळ शहराचे नाव नव्हते. आधी ते इलाख्याचे आणि मग राज्याचेही होते. त्यामुळे जुन्या कायद्याच्या शीर्षकात ‘मुंबई’ दिसले म्हणजे तो कायदा मुंबई शहराचा, असे समजणे चूक आहे. साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या कुळाचा जमिनीवरचा हक्क ज्यावर उभा राहिला, तो १९४८ चा कायदा कित्येक दशके ‘मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम’ या नावाने ओळखला जात होता. त्याचे आजचे नाव ‘महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम’ असे आहे. वर्ष मात्र १९४८ च राहिले. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ याचेही तसेच झाले. गुजरातनेही आपल्या वाट्याला आलेल्या अशा कायद्यांच्या शीर्षकांत ‘गुजरात’ घातले. तेथील दारूबंदीचा कायदा मुळात १९४९ चा ‘बॉम्बे प्रोहिबिशन अॅक्ट’च. जुने फेरफार आणि निवाडे पाहणाऱ्याला दोन्ही शीर्षके एकाच कायद्याची आहेत, हे ठाऊक असावे लागते.

१८६२ मध्ये स्थापन झालेल्या उच्च न्यायालयाचे इंग्रजी नाव अजूनही ‘बॉम्बे हायकोर्ट’ आहे. ते बदलण्यास संसदेचा कायदा लागतो. तसे विधेयक २०१६ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण मंजूर झाले नाही. मराठीत ‘मुंबई उच्च न्यायालय’ हेच रूढ आहे आणि ते बरोबरही आहे. अलीकडे मराठी बातम्यांत शिरलेले ‘बॉम्बे हायकोर्ट’ अनावश्यक म्हणावे लागेल. याउलट ‘आयआयटी बॉम्बे’ हे संस्थेचे विशेषनाम आहे, तर समुद्रातील तेलक्षेत्राचे ‘बॉम्बे हाय’ आता ‘मुंबई हाय’ म्हणून लिहिले जाते.

एका ठिकाणी मात्र भाषांतर टाळणेच इष्ट. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधलेला दुर्मीळ रक्तगट वैद्यकात ‘बॉम्बे’ याच नावाने ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ गटासारखा दिसतो, पण अशा रुग्णाला सर्वसाधारण ‘ओ’ गटाचे रक्त चालत नाही. त्याच गटाचा दाता शोधावा लागतो. रक्तदानाच्या आवाहनात ‘मुंबई गट’ असे लिहिल्यास वाचणारा त्याचा अर्थ मुंबईतील रक्तदात्यांचा गट असा लावण्याचा धोका असतो.