वहीतले दोन भाव

दापोड्यात वीजबिल, गॅस, किराणा वहीत मांडताना मला १९७२ आठवतं. तेव्हा मी शाळेत होते. दुष्काळ पडलेला, रेशनवर लाल मिलो ज्वारी, तेल-साखर महाग. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांनी एकत्र येऊन महागाई प्रतिकार समिती उभी केली. गृहिणी लाटणी उगारत, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या.

आई मोर्चाला गेली नाही. पण वहीत तिनं तेलाचा जुना भाव कधी खोडला नाही. शेजारी नवा लिहायची. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी बंद, "तेवढीच बचत" म्हणून हसायची. बी.कॉम.ला मी नावे-जमा शिकले, भाववाढ मात्र आईच्या वहीत कळली. माझ्या वहीतही भावाचे रकाने दोनच आहेत.