स्थौल्यचिकित्सेचा पूर्वेतिहास

सुशिक्षित घरांतून अलीकडे एक प्रातर्विधि रूढ झाला आहे. उठल्याबरोबर पेलाभर कढत पाणी घ्यावयाचें, त्यांत चमचाभर मध घालावयाचा, वर लिंबू पिळावयाचें, आणि तें पोटांत गेलें कीं कालच्या श्रीखंडपुरीचा हिशेब चुकता झाला असें समजावयाचें. याला आधार काय म्हणून विचारिलें तर 'आयुर्वेदांतच सांगितलें आहे' असें उत्तर मिळतें. आमच्याही घरीं एका भाचीच्या निमित्तानें हा विधि दोन वर्षें निष्ठेनें चालला होता. मुलीची चण जात्याच स्थूल. त्यामुळें पेला तिच्या हातीं देतांना कोणी तरी एखादा टोमणाही बरोबर देत असे. वजन मात्र जेथल्या तेथें राहिलें. तेव्हां आयुर्वेदानें खरोखर काय सांगितलें आहे हें पाहावें म्हणून आम्हीं मूळ ग्रंथ उघडले, आणि आरंभींच चपापलों. स्थूल मनुष्यास मधाचें पाणी हितकर आहे हें खरें. पण मध तापवूं नये व उष्ण पदार्थाशीं त्याचा संयोग करूं नये, असेंही त्याच ग्रंथकारांनीं बजाविलें आहे! म्हणजे अर्धें वचन आम्हीं उचललें व उरलेलें अर्धें रोज सकाळीं मोडीत होतों. हा अर्धेपणा केवळ मधापुरता नाहीं, असें पुढें वाचतांना दिसून आलें. तीच हकीगत येथें थोडक्यांत सांगावयाची आहे.

या विषयाची एक फार जुनी कथा वैद्यकाच्या नव्हे, तर बौद्धांच्या पाली ग्रंथांत, संयुत्तनिकायांत, आढळते. कोसल देशाचा राजा प्रसेनजित् एका वेळेस द्रोणभर तांदुळाचा भात खात असे. एकदां असाच जेवून धापा टाकीत तो बुद्धाकडे गेला. त्याची अवस्था पाहून बुद्धानें एक लहानसें वचन उच्चारिलें : जो सावध राहून अन्नाची मात्रा ओळखतो त्याच्या व्यथा कमी होतात व त्याचें आयुष्य टिकतें, असा त्याचा भावार्थ. राजाच्या मागें सुदर्शन नांवाचा एक तरुण उभा होता. राजानें त्याला तें वचन पाठ करावयास लाविलें व प्रत्येक भोजनाच्या वेळीं तें म्हणून दाखविण्याबद्दल दररोज शंभर कार्षापण देऊं केले. पुढें राजाचा आहार क्रमाक्रमानें नाळीभर तांदुळावर आला, शरीर हलकें झालें, आणि अंगावरून हात फिरवीत त्यानें बुद्धाचे उपकार स्मरले. या कथेंत ना चूर्ण आहे, ना काढा. आहे तो केवळ योग्य क्षणीं आठवण देणारा एक मनुष्य. आणि भोजन एका दिवसांत तोडलें नाहीं, हळूहळू उतरविलें, ही गोष्टही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां वैद्यांकडे वळूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा एकविसावा अध्याय 'अष्टौनिन्दितीय' या नांवाचा आहे. अति उंच, अति ठेंगणा, अति केसाळ, केशहीन, अति काळा, अति गोरा, अति स्थूल व अति कृश असे आठ पुरुष लोकांत निंदिले जातात, असें म्हणून आचार्य पहिल्या सहांना तेथेंच सोडून देतात आणि शेवटच्या दोघांचा तेवढा विस्तार करितात. कारण लोकांची निंदा निराळी व रोग निराळा. अतिस्थूलाचे आठ दोष सांगितले आहेत : आयुष्याचा ऱ्हास, हालचालीस अडथळा, मैथुनाचे कष्ट, दौर्बल्य, दुर्गंधी, घामाचा त्रास, अति भूक आणि अति तहान. यांतील भुकेची उपपत्ति मोठी मार्मिक आहे. मेदानें मार्ग अडले म्हणजे वायु कोठ्यांतच फिरूं लागतो व अग्नि फुंकून चेतवितो. मग खाल्लेलें लवकर जिरतें व पुन्हा भूक लागते. लठ्ठ मनुष्याची भूक ही त्याची हांव नसून त्याच्या व्याधीचेंच एक अंग आहे, एवढें या प्राचीन वैद्यानें ओळखलें होतें.

कारणांच्या यादींत गुरु, मधुर, स्निग्ध अन्नाचा अतिरेक, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप व निश्चिंतपणा हीं तर आहेतच. पण शेवटीं एक शब्द आहे : बीजस्वभाव. आईबापांकडून आलेली प्रकृति असा त्याचा अर्थ. हा शब्द वाचतांना आम्हांस भिंतीवरील तसबिरींतली त्या मुलीची आजी आठवली, आणि टोमण्यांची लाज वाटली.

चरकाचें सूत्र असें कीं, स्थूलाचें अन्न जड पण पोषण न वाढविणारें असावें. म्हणजे चेतलेला अग्नि शांत होईल, परंतु मेद वाढणार नाहीं. म्हणून धान्यांत जव, सांवा, हरीक, राळा, तसेंच मूग, कुळीथ, तूर, पडवळ व आवळा हीं सांगितलीं आहेत. हरीक-सांव्यावर ज्यांची गुजराण होत आली त्या आमच्या डोंगरवस्त्यांतील कष्टकऱ्यांस हें पथ्य कोणी सांगावें लागलें नाहीं. श्रीमंतास मात्र तें औषध म्हणून घ्यावें लागलें! औषधें अर्थातच आहेत : गुळवेल, नागरमोथा, त्रिफळा, ताकाचें अरिष्ट, मधाबरोबर वावडिंग, सुंठ, यवक्षार व लोहचूर्ण, अग्निमंथाच्या रसाबरोबर शिलाजित. परंतु त्यांच्याच शेजारीं व्यायाम क्रमानें वाढविण्याची आज्ञा आहे. तेथेंच जागरण व चिंता वाढवावी असेंही म्हटलें आहे. तें मात्र आज जसेंच्या तसें स्वीकारतां येणार नाहीं. अपुऱ्या झोपेनें भूक वाढते, असें आधुनिक शास्त्र सांगतें. जुन्या ग्रंथाचा आदर करणें म्हणजे त्याचें अक्षर न् अक्षर पाळणें नव्हे.

सुश्रुतानें स्थौल्य व कार्श्य या दोहोंचें मूळ आहाररसांत दाखविलें आहे, आणि व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीइतकाच करावा अशी मर्यादाही घातली आहे. पण त्याची खरी धार प्रमेहचिकित्सेंत दिसते. प्रमेह हा मेदोदोषाशीं जवळचा व्याधि. रोगी निर्धन असेल तर त्यानें पायांत जोडा व डोक्यावर छत्र न घेतां, भिक्षेवर राहून, एका गांवीं एकच रात्र काढीत शंभर योजनें किंवा अधिक चालावें. धनवान् असेल तर त्यानें सांवा, देवभात, आवळा, कवठ असें खाऊन हरिणांच्या संगतींत राहावें. इतरांनीं शेत नांगरावें अथवा विहीर खणावी. ही आज्ञा आज अक्षरशः कोणी पाळूं नये, पण तिचा रोख चुकण्यासारखा नाहीं : औषधाच्या आधीं जगण्याची तऱ्हा बदलली पाहिजे.

पुढें माधवनिदानांत मेदोरोगास स्वतंत्र प्रकरण मिळालें. अकराव्या शतकांत वंगदेशीय चक्रपाणिदत्तानें आपल्या चिकित्साग्रंथांत त्रिकटु, त्रिफळा, चित्रक, मोथा, वावडिंग व गुग्गुळ यांचा 'नवक गुग्गुलु' सांगितला. तो आजही दुकानीं मिळतो. तथापि त्या प्रकरणांतही श्रम, चालणें व जव-सांव्याचें भोजन यांस अग्रस्थान आहे. तेव्हां पथ्य व औषध यांची ताटातूट करण्याचा दोष वैद्यांकडे जात नाहीं. खरें कारण साधें आहे. गुग्गुळाची वटी डबींत भरतां येते; शंभर योजनें चालणें भरतां येत नाहीं. जें भरतां आलें तें विकलें गेलें, आणि जें विकतां आलें नाहीं तें विस्मृतींत गेलें.

सुटें झालेलें औषध एकटें काय करितें, याची परीक्षा आधुनिकांनीं घेतली आहे. काशी हिंदु विश्वविद्यालयांत १९६६ सालीं डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनीं सुश्रुताच्या मेदोरोगवर्णनाचा धागा पकडून गुग्गुळावर प्रबंध लिहिला; सशांवरील प्रयोगांत रक्तांतील मेद उतरल्याचें त्यांस दिसलें. हें संशोधन आमच्या विद्येस भूषणावह आहे. परंतु २००३ सालीं अमेरिकेंत १०३ मनुष्यांवर आठ आठवडे गुग्गुळाच्या अर्काची परीक्षा झाली, तेव्हां अपायकारक कोलेस्टेरॉल उतरलें नाहीं, उलट किंचित् वाढलें, व कांहींच्या अंगावर पुरळ उठलें. आमच्या कोकमाचें भावंड जें मलबारचें कुडंपुळी, त्याच्या सालींतील आम्ल १९६५ मध्यें वेगळें करण्यांत आलें व पुढें त्याच्या गोळ्या जगभर खपल्या. १९९८ सालीं १३५ मनुष्यांवर बारा आठवडे त्यांची कसोटी झाली. सर्वांस पथ्याचा आहार दिला होता. निम्म्यांस खरी गोळी, निम्म्यांस नुसती दिखाऊ. खऱ्या गोळीवाल्यांचें वजन सरासरी ३.२ किलो उतरलें, तर दिखाऊवाल्यांचें ४.१. हा फरक गणिताच्या दृष्टीनें नगण्य ठरला. म्हणजे गोळीचा अधिक गुण कांहींच दिसला नाहीं. पण वजन उतरलें तें दोघांचेंही, आणि दोघांना समान होतें तें पथ्य!

इतिहासाचा हा निकाल कोणा वनस्पतीच्या विरुद्ध नाहीं. सोलकढी रुचकर आहे, आवळा उत्तम आहे, आणि रोग असेल तेथें जाणत्या वैद्याचा किंवा डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. विरुद्ध आहे तो आमच्या आळसाच्या. प्रसेनजितास राज्य होतें, म्हणून आठवण देणारा पगारी ठेवतां आला. सामान्य गृहस्थाच्या घरीं तें काम कुटुंबानेंच करावयाचें असतें. पण आठवण देणें व टोचून बोलणें यांत अंतर आहे. सुदर्शनानें राजाची निंदा केली नव्हती.

आमच्या घरचा कढत पाण्याचा पेला आतां बंद झाला आहे व त्याबरोबर टोमणेही. संध्याकाळीं मात्र आम्ही सारींच, कृश काय नि स्थूल काय, तासभर चालून येतों. त्या मुलीचें वजन थोडें उतरलें आहे, फार नव्हे. बीजस्वभाव कांहीं जागचा हलला नाहीं. पण जिना चढतांना तिला आतां धाप लागत नाहीं, आणि आजीच्या तसबिरीखालीं बसून ती सर्वांच्या पंक्तीला मोकळेपणानें जेवते.