तान्ह्या पाठीवरचा हात : लखनौशेजारच्या एका प्रयोगाचा इतिहास

मूल जन्माला आल्यावर पहिल्या तासाभरात त्याच्या अंगावरून कोणाचे हात फिरतात आणि ते हात नेमके काय करतात, या प्रश्नाला प्रत्येक प्रांताने आपापले उत्तर दिलेले आहे. महाराष्ट्रात सुईणीने पाय लांब करून बसावे, बाळाला पायांवर घेऊन तेल चोळावे, कढत पाण्याने न्हाऊ घालावे, टाळू भरावी, धुरी द्यावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. अवध प्रांतात मोहरीचे तेल आणि मोहरी वाटून केलेला बुकवा यांचे मर्दन होते. अलीकडे या जुन्या हातांच्या शेजारी एक नवा हातही येऊन बसला आहे. पाठीच्या मणक्यांना हाताने दाब वा झटका देऊन ते ‘जागेवर आणण्याची’ कायरोप्रॅक्टिक ही पद्धत गर्भवतीला, बाळंतिणीला आणि थेट नवजात बाळालाही हितकर असल्याचा प्रचार चित्रफितींतून होतो. प्रसूतीच्या वेळी बाळाच्या कण्यावर ताण येतो आणि पुढचे रडणे, पोटशूळ, झोप न लागणे हे त्याचेच परिणाम होत, असे तिचे प्रतिपादन असते.

हात जुना असो वा नवा, त्याचा गुण ठरवावा कसा? परंपरेच्या वयावरून, करणाऱ्याच्या आत्मविश्वासावरून, की आणखी कशावरून? या प्रश्नाचे एक अतिशय बोलके उत्तर लखनौच्या शेजारी, रायबरेली जिल्ह्यातल्या शिवगढ भागात, एकविसाव्या शतकाच्या आरंभी मिळाले.

लखनौला वैद्यकीय शिक्षणाची दीर्घ परंपरा आहे. तिथल्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात १९११ पासून डॉक्टर घडत आहेत. परंतु शहरातील प्रसूतिगृहाचा प्रकाश काही कोसांवरच्या खेड्यांत पोहोचत नव्हता. तिथे बहुतेक प्रसूती घरी होत. बाळ बाहेर आले की वार पडेपर्यंत ते उघडेच जमिनीवर राहू शके. मग त्याला चोळून स्वच्छ केले जाई, लगेच अंघोळ घातली जाई, आणि पहिले दूध पाजायला उशीर होई. यांपैकी एकही कृती दुष्टपणाने होत नव्हती. बाळ स्वच्छ व्हावे, विटाळ धुतला जावा, हीच त्यामागची भावना होती. हात प्रेमाचे होते, तरी मुले दगावत होती.

यामागचे एक कारण उष्माशास्त्राच्या साध्या हिशेबात सापडते. नवजात बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या सुमारे तिप्पट असते, म्हणजे उष्णता साठवायला जागा थोडी आणि ती गमवायला दारे पुष्कळ. त्यात जन्मतः ते पूर्ण ओले असते. त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता खर्च होते. अडीच किलोच्या बाळाचे तापमान एक अंश सेल्सिअसने खाली यायला जवळपास ९ किलोज्यूल उष्णता जावी लागते. म्हणजे अंगावरचे अवघे दहा ग्रॅम, दोन चमचे, पाणी वाळले आणि ती सगळी उष्णता शरीरातूनच गेली, तर तापमान अडीच अंशांहून अधिक घसरू शकते. बाळाचे शरीर उष्णता निर्माण करून हा तोटा भरून काढू पाहते, पण प्रौढासारखे थरथरून ऊब मिळवणे त्याला साधत नाही. त्याची भिस्त असते ती तपकिरी मेदाच्या लहानशा शिलकीवर. कमी वजनाच्या बाळाजवळ तीही पुरेशी नसते. तापमान ३६.५ अंशांखाली गेले की शरीर गार पडू लागल्याचे मानतात. गारठलेले बाळ दूध ओढत नाही, दूध न मिळाल्याने आणखी गारठते, आणि त्या दुष्टचक्रात जंतुसंसर्गाला वाव मिळतो.

विश्वजीत कुमार, गॅरी डार्मस्टॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिवगढमध्ये हेच चक्र तोडायचे ठरवले. किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांच्या सहकार्याने झालेल्या या अभ्यासाचे नाव होते ‘सक्षम’. सुमारे एक लाख चार हजार लोकवस्तीची ३९ ग्रामक्षेत्रे निवडण्यात आली आणि त्यांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, तेरा-तेराच्या तीन गटांत विभागणी झाली. पहिल्या गटात नेहमीची सरकारी व्यवस्था तेवढी चालू राहिली. दुसऱ्या गटात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्या प्रसूतीपूर्वी दोनदा आणि नंतर दोनदा घरी जात. बाळाला लगेच कोरडे करा, अंघोळ पुढे ढकला, आईच्या छातीवर त्वचेला त्वचा लागेल असे ठेवा, लवकर अंगावर पाजा, नाळेची स्वच्छता राखा, धोक्याची लक्षणे ओळखा, एवढाच त्यांचा सांगावा असे. औषधोपचार त्या करीत नव्हत्या. सासू, आजी, दाई यांनाही बोलण्यात सामील करून घेतले जाई, कारण घरातला निर्णय एकट्या बाळंतिणीच्या हाती नसे.

तिसऱ्या गटात हे सारे होतेच, शिवाय एक उपकरणही होते. थर्मोस्पॉट नावाची छोटी गोल चकती बाळाच्या त्वचेवर चिकटवली जाई. तिच्यातले द्रवस्फटिक तापमानानुसार रंग बदलतात. बाळ उबदार असेल तर चकती हिरवी दिसते, गार पडले तर काळवंडते. अशा स्फटिकांतील रेणूंची रचना मळसूत्रासारखी असते. तापमान बदलले की त्या मळसूत्राचे अंतर बदलते आणि त्याबरोबर परावर्तित प्रकाशाचा रंगही बदलतो. भौतिकशास्त्राची ही देखणी करामत जीव वाचवण्यात भर घालील, अशी अपेक्षा बाळगणे स्वाभाविक होते.

जानेवारी २००४ ते मे २००५ या काळातील निष्कर्ष २००८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात दर हजार जिवंत जन्मांमागे ८४.२ बाळे अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावली होती, म्हणजे साधारण बारांत एक. दुसऱ्या गटात हा आकडा ४१.३ होता आणि तिसऱ्या गटात ४३.२. इतर घटकांचा हिशेब धरता मृत्युदरातील घट अनुक्रमे ५४ आणि ५२ टक्के भरली. सांगावा आणि घरभेटी यांनी मृत्युदर निम्म्याहून खाली आणला होता, पण रंग बदलणाऱ्या चकतीने त्यात काहीच भर घातली नव्हती.

चकतीचे हे अपयश या प्रयोगाचा मोलाचा भाग आहे. तिसरा गट वेगळा ठेवला नसता आणि सगळ्याच गावांत चकत्या वाटल्या असत्या, तर यशाचे श्रेय निःसंशय त्या उपकरणाला मिळाले असते, आणि प्रत्येक आरोग्यकेंद्राने चकत्यांची खरेदी केली असती. तुलनेचा गट असल्यामुळेच कशाने गुण आला आणि कशाने नाही, हे वेगळे काढता आले. त्याच न्यायाने एक मर्यादाही मान्य करावी लागते. दुसऱ्या गटात अनेक सवयी एकदम बदलल्या होत्या, त्यामुळे घटीतला किती वाटा आईच्या छातीवरच्या उबेचा आणि किती स्वच्छतेचा वा लवकर पाजण्याचा, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.

घरोघरी जाऊन नवजात बाळे वाचवता येतात, हे मराठी वाचकांना नवे नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ते आधीच दाखवून दिले होते. तिथे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरीच नवजाताची काळजी घेत आणि तुलनेसाठी ४७ गावे होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या त्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. गडचिरोलीत जंतुसंसर्गावर प्रतिजैविकांचे उपचारही होते, तर शिवगढमध्ये भर प्रतिबंधावर होता. पुढे २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरच्या घरी नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर स्वीकारला.

त्वचेला त्वचा लावून ऊब देण्याची कल्पना आरोग्यव्यवस्थेत आली ती कोलंबियातील बोगोटा शहरातून. १९७८ साली एडगर रे आणि त्यांच्यानंतर एक्तोर मार्तिनेस या डॉक्टरांनी, उबपेट्या अपुऱ्या पडतात म्हणून, कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी बांधून ठेवली. कांगारू मातासेवा या नावाने ही पद्धत जगभर गेली. तिची वाट मात्र सरळ नव्हती. बांगलादेशात गावपातळीवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण नवजात मृत्युदरात फरक आढळला नाही. या पद्धतीच्या समर्थकांना तो निकाल मान्य करावा लागला आणि प्रश्न अधिक नेमका करावा लागला : कोणत्या बाळांना, किती तास, केव्हापासून? २०१९ साली हरियाणात कमी वजनाच्या आठ हजारांहून अधिक बाळांवर झालेल्या अभ्यासात घरी केलेल्या कांगारू सेवेने पहिल्या महिन्यातील मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटला. २०२१ साली भारतासह पाच देशांतील रुग्णालयांच्या चाचणीत, एक ते १.८ किलोच्या आतील बाळांना जन्मल्याबरोबर छातीशी ठेवल्यावर मृत्यूचे प्रमाण १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. बोगोटातल्या कल्पनेपासून या शिफारशीपर्यंत चव्वेचाळीस वर्षे गेली, आणि या वाटेवर निराशाजनक निकालही दडवला गेला नाही.

याच मोजपट्टीने कायरोप्रॅक्टिकचा इतिहास पाहणे उद्बोधक आहे. १८९५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर या चुंबक-उपचारकाने एका माणसाच्या पाठीवर दाब दिला आणि त्याचा बहिरेपणा गेला, असा दावा केला. तिथून ही पद्धत सुरू झाली. पंचाण्णव टक्के रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत असते, असे पामर पुढे सांगू लागला. योगायोग असा की त्याच वर्षी नोव्हेंबरात रॉंटगेनला क्ष-किरण सापडले, म्हणजे मणके खरोखर सरकतात का, हे पाहण्याचे साधन लगोलग हाती आले. परंतु सर्व रोगांना जन्म देणारे ते ‘सरकणे’ शतकभरातही सिद्ध झाले नाही. प्रौढांच्या कंबरदुखीत मणक्यांच्या हाताळणीने काहींना माफक आराम पडतो, एवढे अभ्यासांतून दिसते. नवजाताच्या रडण्याचे कारण कण्यात आहे, हा मात्र निराळा दावा आहे आणि त्याची निराळी परीक्षा व्हायला हवी.

तशी एक परीक्षा नॉर्वेतील बर्गेनच्या बालरोगतज्ज्ञांनी घेतली. पोटशुळाने रडणाऱ्या ८६ बाळांचा तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. परिचारिका बाळाला आतल्या खोलीत नेई. काही बाळांवर कायरोप्रॅक्टर उपचार करी. उरलेल्यांना ती परिचारिका दहा मिनिटे नुसती जवळ घेऊन बसे. कोणाला काय मिळाले, हे आईवडिलांना कळू दिले नव्हते. उपचार झालेल्या ४६ पैकी ३२ बाळांना बरे वाटल्याचे पालकांनी नोंदवले, नुसते जवळ घेतलेल्या ४० पैकी २४ बाळांना. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. पोटशूळ बहुधा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो, त्यामुळे त्या काळात जो काही उपचार चालू असेल त्याला गुण आल्यासारखे वाटते. २०१२ साली कॉक्रेन संस्थेने अशा सहा चाचण्यांतील ३२५ बाळांची माहिती एकत्र तपासली. ज्या चाचण्यांत पालकांना उपचार झाला की नाही हे ठाऊक नव्हते, तेवढ्याच धरल्या तर ठोस लाभ उरला नाही.

असे प्रश्न विचारण्याचीही किंमत असते. भारतीय वंशाचे ब्रिटिश विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी कणभौतिकीत डॉक्टरेट मिळवलेली आहे. लहान मुलांच्या पोटशूळ, दमा अशा विकारांवर कायरोप्रॅक्टिकचा गुण येतो, या दाव्यांवर त्यांनी २००८ साली ‘गार्डियन’मध्ये टीका केली. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. दोन वर्षांनी, अपील न्यायालयाचा कौल सिंग यांच्या बाजूने लागल्यावर, तो मागे घेण्यात आला. २०१३ साली इंग्लंडचा अब्रुनुकसानीचा कायदा सुधारला, त्यामागे या खटल्याने उठलेली चळवळ होती. ऑस्ट्रेलियात २०१९ साली व्हिक्टोरिया राज्याने केलेल्या पाहणीत बालकांच्या कण्याच्या हाताळणीचा लाभ दाखवणारा भक्कम पुरावा आढळला नाही. गंभीर इजेच्या नोंदीही थोड्याच मिळाल्या. पण लाभ सिद्ध नसताना तान्ह्याच्या कोवळ्या कण्याला थोडासाही धोका का पत्करावा, हा प्रश्न उरतोच.

गर्भवतीची कंबरदुखी मात्र खरी आहे आणि ती सर्रास आढळते. ‘सहन कर’ हे तिचे उत्तर नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेला बेताचा व्यायाम ही दुखणी कमी करू शकतो, असे उपलब्ध अभ्यास सुचवतात, अर्थात तो पुरावाही अजून फारसा भक्कम नाही. पुरावा जेवढा असेल तेवढेच बोलावे, हा नियम आवडत्या उपायालाही लागू होतो.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार उत्तर प्रदेशात दर हजार जन्मांमागे ३५.७ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती, देशात २४.९ आणि महाराष्ट्रात १६.५. शिवगढने दाखवलेले काम संपलेले नाही, हेच हे आकडे सांगतात. शिवगढच्या आयांना त्यासाठी महागडे उपकरण लागले नाही आणि कण्याला झटकाही द्यावा लागला नाही. ओले बाळ पुसून कोरडे करायचे, छातीशी घ्यायचे, पाजायचे आणि अंघोळीची घाई करायची नाही, हे त्यांना कोणी तरी घरी येऊन, सासूच्या देखत, नीट समजावून सांगितले होते. तान्ह्याच्या पाठीवर कोणीही हात ठेवू पाहील, तेव्हा आईवडिलांनी निःसंकोचपणे विचारावे : हाच उपाय न केलेल्या बाळांचे काय झाले, हे कोणी मोजले आहे का?