एप्रिल १९४२ : न लागलेले बॉम्ब

जपानी विमानवाहू नौका म्हटलं की आपल्याला पर्ल हार्बर आठवतं. पण त्याच नौका चार महिन्यांनी आपल्या समुद्रात आल्या होत्या, हे मुंबईतही फार थोड्यांना ठाऊक असतं.

एप्रिल १९४२. अ‍ॅडमिरल नागुमो पाच विमानवाहू नौका घेऊन हिंदी महासागरात शिरले : अकागी, सोर्‍यू, हिर्‍यू, शोकाकू आणि झुइकाकू. ५ तारखेला, ईस्टरच्या रविवारी, त्यांनी कोलंबोवर हल्ला केला. ६ तारखेला दुसऱ्या ताफ्यातल्या 'र्‍यूजो'च्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. ९ तारखेला त्रिंकोमाली. त्याच दिवशी 'हर्मिस' ही ब्रिटिश विमानवाहू नौका बुडाली, आणि तेव्हा तिच्यावर एकही विमान नव्हतं. विमानांशिवाय विमानवाहू नौका म्हणजे काय, तर नुसतं तरंगतं मैदान!

ब्रिटिश अ‍ॅडमिरल सॉमरव्हिल यांनी मग माघार घेतली. जुन्या, संथ युद्धनौका आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किलिंदिनीला गेल्या आणि जलद नौका आपल्या मुंबई बंदरात आल्या. नागुमोंची मात्र एकही नौका बुडाली नाही.

आता प्रश्न असा, की यश मिळालं म्हणून पद्धत बरोबर ठरते का? या मोहिमेतल्या दोन गोष्टी बघा.

पहिली ५ तारखेची. शत्रूची जहाजं दिसलीच तर असावीत म्हणून काही विमानं टॉर्पेडो लावून राखून ठेवली होती. कोलंबोवर पुन्हा हल्ला करायचं ठरलं तेव्हा हुकूम सुटला : टॉर्पेडो काढा, बॉम्ब लावा. ते काम चालू असतानाच टेहळणी विमानाने शत्रूची जहाजं दिसल्याचं कळवलं. मग पुन्हा उलटा हुकूम! अखेर तयार असलेली सूर मारणारी बॉम्बफेकी विमानं गेली आणि त्यांनी 'कॉर्नवॉल' व 'डॉर्सेटशायर' या क्रूझर बुडवल्या. ४२४ नौसैनिक गेले. विजय झाला, त्यामुळे आतल्या गोंधळाची कुणी गंभीर दखल घेतली नाही.

दुसरी ९ तारखेची. नऊ ब्रिटिश ब्लेनहाइम विमानं थेट 'अकागी'च्या डोक्यावर आली. जपान्यांकडे रडार नव्हतं. पाण्यात बॉम्ब फुटले तेव्हा कुठे त्यांना कळलं. एकही बॉम्ब लागला नाही, आणि म्हणूनच त्यातून कुणी काही शिकलं नाही.

दोन महिन्यांच्या आत, ४ जूनला, मिडवेपाशी हेच घडलं. टॉर्पेडो काढा, बॉम्ब लावा, पुन्हा टॉर्पेडो लावा. हे सगळं डेकखालच्या बंदिस्त हँगरमध्ये, इंधन भरलेल्या विमानांच्या गराड्यात. तेवढ्यात वरून अमेरिकी विमानांनी सूर मारला. अकागी, कागा, सोर्‍यू काही मिनिटांत पेटल्या, आणि दुपारनंतर हिर्‍यूही.

'अनुभवासारखा गुरू नाही' असं आपण सहज म्हणतो. पण अनुभव आपणहून काही शिकवत नाही, त्याला प्रश्न विचारावे लागतात. अपयश आलं की प्रश्न विचारायला समोर कुणीतरी उभं राहतंच, चौकशी बसते. यशाची चौकशी कोण करणार? अकागीचा घात मुख्यतः एकाच बॉम्बने केला. तसे कितीतरी बॉम्ब एप्रिलमध्ये तिच्या शेजारीच पाण्यात पडले होते.