आण्णांचे कान

गणपतीत लोट्याला गेलो की जाखडी बघायची, हे लहानपणापासून ठरलेलं. मध्ये बुवा आणि मृदंगवाले बसतात, भोवती घुंगरं बांधून रिंगण फिरतं. ती जाखडी टेपरेकॉर्डरवर कितीदा तरी रेकॉर्ड केली, पण ऐकताना मजा यायची नाही. रिंगणच गायब! सगळा आवाज एका डब्यातून आल्यासारखा.

खरं तर यावरचा उपाय 1881 मध्येच सापडला होता. पॅरिसच्या वीज प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर माइक ठेवले आणि तारेवरून लोकांना गाणं ऐकवलं. दोन कानांना दोन रिसीव्हर लावले की गायक कुठून कुठे सरकला तेही कळायचं. पुढे अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने 1933 च्या शिकागो प्रदर्शनात ‘ऑस्कर’ नावाचा पुतळाच बसवला, कानांजवळ माइक लावलेला.

पुतळा कशाला? तर आवाजाच्या वाटेत आपलं डोकं येतं म्हणून. डावीकडचा आवाज उजव्या कानाला वळसा घालून पोचतो, सेकंदाचा फार तर 0.0007 भाग उशिरा आणि जरा दबून. शिवाय बाहेरच्या कानाच्या घड्या आवाजाला आपापला रंग देतात. त्यावरून मेंदू पुढचं-मागचं, वरचं-खालचं ओळखतो.

1973 मध्ये न्यूमन या जर्मन कंपनीचं असं डोकं बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात आलं. त्याच्या आजच्या वंशजाची किंमत लाखांत! आमच्यासारख्यांना वाचवलं ते सेसलर आणि वेस्ट यांनी. 1962 मध्ये बेल प्रयोगशाळेतच त्यांनी इलेक्ट्रेट माइक काढला. तो आज लॅमिंग्टन रोडवर किरकोळ पैशांत मिळतो, आणि त्याला लागणारी थोडीशी वीज बऱ्याच छोट्या रेकॉर्डरच्या माइक-जॅकमधूनच मिळते.

मग काय, टोपाच्या दुकानातलं थर्मोकोलचं डोकं आणलं. कान कुणाचे घ्यायचे? स्थिर बसणारे घरात एकटे आण्णा, माझे थोरले काका. कानात कापूस घालून, दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात त्या पावडरीचा साचा घेतला, त्यात सिलिकॉन ओतलं. साचा कसा धरायचा ते गणपतीच्या शाळेतल्या मूर्तिकाराने दाखवलं. कानाच्या भोकात एकेक माइक बसवला आणि डोकं बुवांच्या शेजारी स्टुलावर ठेवलं. पोरं हसून लोळली.

आण्णा तरुणपणी जाखडीत नाचायचे. गुडघे गेल्यापासून पडवीतच बसून असत. त्यांना हेडफोन लावला. दोनच मिनिटांत त्यांनी झटकन मान मागे वळवली, “कोण रे मागे?” कोणी नव्हतं. रेकॉर्डिंगमधला नाचणारा मागून गेला होता.

मी ऐकलं तेव्हा मात्र समोरचा नाचणाराही मला मागेच वाटत होता. आधी वाटलं माइक उलटे लागले. तसं नव्हतं. प्रत्येकाच्या कानाच्या घड्या वेगळ्या, आणि मेंदूला सवय आपल्याच कानांची. ते रेकॉर्डिंग आण्णांच्या मापाचं होतं.

आण्णा जाऊन आता तीन वर्षं झाली. रेकॉर्डिंग अधूनमधून ऐकतो. घुंगरं फिरतात, लांब महामार्गावरून एक ट्रक जातो. समोरचा नाचणारा अजून मला मागेच ऐकू येतो. नवं डोकं माझ्या कानांचं करायचं मनात होतं. राहू दे म्हटलं.

असो. ऐकणार असाल तर हेडफोन लावूनच ऐका.